जळगाव ते धुळे : एका थरथरीचा माग

जळगावच्या स्टेशनावर उतरणारा पाहुणा बहुधा जळगावसाठी उतरत नाही. त्याला अजिंठ्याची लेणी पाहायची असतात. धुळ्याचेही तसेच. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणारी मंडळी तेथे चहा घेतात, टायर चेपून पाहतात आणि पुढे निघून जातात. या दोन गावांना जोडणाऱ्या नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरच्या रस्त्याबद्दल तर कोणी प्रवासवर्णन लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. मला मात्र हा रस्ता इंच न् इंच वाचावा लागला, आणि तोही हातात वही-पेन्सिल घेऊन.

१९०६ साली इंग्रज सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. रस्त्याचाही नंबर बदलला. पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आता त्रेपन्न नंबरचा झाला आहे, पण जुने ड्रायव्हर अजूनही त्याला 'सहा नंबर'च म्हणतात. या रस्त्याची एक गंमत नकाशा पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. खानदेशातले पाणी दक्षिणेच्या डोंगरांतून उत्तरेला तापीकडे धावते आणि रस्ता जातो पूर्व-पश्चिम. म्हणजे गिरणा, अंजनी आणि बोरी यांना आडवे ओलांडत जायचे. दर नदीला थोडे उतरायचे आणि पलीकडे थोडे चढायचे. मोटारीत आरामात बसणाऱ्याला हे चढ-उतार जाणवतही नाहीत. भरलेल्या गाडीला मात्र ते पक्के ठाऊक असतात.

माझे थोरले मामेभाऊ यावलकडे केळी पिकवतात. गावात लहानथोर सारे त्यांना आप्पा म्हणतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आप्पांनी ते वर्तमानपत्रातले कात्रण देवघराशेजारी लावले होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून एक पिकअप घेतली. स्वतःची केळी न्यायची आणि दुसऱ्यांचीही भाड्याने न्यायची, असा बेत होता. गाडी मुलगा चालवी. बी.ए. झालेला मुलगा पुण्याच्या कारखान्यांकडे न जाता घरी राहिला, तो या गाडीमुळेच.

आणि ती गाडी थरथरू लागली. रोज नाही, सारखी नाही, कधी कधी. केळी हा माल दिसायला दांडगा पण अंगाने नाजूक. हिरव्या घडाला वाटेत धक्के बसले, साली एकमेकींवर घासल्या, तर त्या वेळी काही दिसत नाही. पिकवल्यावर काळे डाग उठतात आणि व्यापारी भाव पाडतो. दोन व्यापाऱ्यांनी तर या गाडीचे भाडेच बंद केले. इकडे हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला. मुलगा रात्रीचा गाडी घेऊन गेला की आप्पा ओसरीवर जागे बसत. अखेर त्यांनी गाडी विकायची ठरवली. धुळ्यातल्या एका दलालाशी फोनवर बोलणेही झाले. गाडी गेली की मुलगाही पुण्याला जाणार, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हते, पण सर्वांना कळत होते.

असे नाही की इलाज केले नव्हते. एका गॅरेजात चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाले. दुसऱ्याने मागचे दोन टायर बदलायला लावले. तिसऱ्याने इंजिनाची फाउंडेशने, म्हणजे ज्या रबरी बैठकांवर इंजिन बसते त्या, नवी घातली. सगळे मिळून अठरा हजार रुपये गेले. दर वेळी मिस्तरी गाडी रस्त्यावर फिरवून आणी आणि म्हणे, "एकदम ओके!" आणि दोन दिवसांनी मुलाचा फोन येई, "आप्पा, पुन्हा थरथरली."

धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला एक वयस्क मिस्तरी आहेत. ट्रकवाले त्यांना चाचा म्हणतात. चाचा अस्सल अहिराणी बोलतात. आप्पांनी त्यांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. चाचांचा पहिला प्रश्न होता, "गाडी कवय कापस?" कधी कापते? आप्पा म्हणाले, "कधी कधी." त्यावर चाचांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : कधी कधी हे उत्तर नव्हे. काही बदलू नका, काही खोलू नका. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, किती ओझे असताना, चढाला की उताराला, आणि हादरा हाताला लागतो की बुडाला, हे सारे लिहून आणा. शेवटी ते म्हणाले, "आनि भरेल गाडी लई या!"

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तू वही धर." मलाही राजवाडे संशोधन मंडळात काही कागद पाहायला धुळ्याला जायचेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वा टन केळी भरून आम्ही जळगाव सोडले. मुलगा गाडी चालवीत होता, मधे आप्पा, कडेला मी. पायाशी अर्धी भरलेली पाण्याची बाटली उभी केली होती. तिच्यातले पाणी हेच आमचे यंत्र. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत पाणी नेहमीसारखे हेलकावत होते. पुढे विद्यापीठाच्या टेकड्यांजवळचा चढ लागला. काटा छप्पन्नावर आला आणि पाण्यावर बारीक, दाट तरंग उठले. सीटखालून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागला, गिअरचा दांडा कापू लागला. मी लिहिले : 'गिरणेनंतरचा चढ, वेग ५६ ते ६४, सीट व दांडा, स्टिअरिंग शांत.' वेग सत्तरावर गेला तशी थरथर विरली.

पाळधी मागे पडली. एरंडोलच्या अलीकडे रस्ता सपाट होता, तेथे साठाच्या वेगालाही काही नाही. एरंडोलला पांडववाडा आहे आणि जवळच पद्मालयाचा गणपती. आप्पांनी चालत्या गाडीतून हात जोडले. अंजनी ओलांडून गाडी वर चढू लागली आणि तीच थरथर, त्याच वेगाला, पुन्हा आली. येथे मुलाने चौथा गिअर टाकून साठाचा वेग कायम ठेवला. इंजिन मोठ्याने ओरडू लागले, पण तरंग होते तसेच राहिले. मग पुढेमागे कोणी नाही असे पाहून त्याने क्षणभर क्लच दाबला. थरथर एकदम उतरली, पण पुरती गेली नाही. वहीत आणखी दोन ओळी पडल्या.

पारोळ्याला चहा घेतला. नेवाळकर जहागीरदारांचा भुईकोट किल्ला येथे गावातच आहे. झाशीच्या राणीचे सासर याच नेवाळकरांचे. उत्तरेला फुटणारा रस्ता साने गुरुजींच्या अमळनेरला जातो. बोरी नदीनंतरच्या चढाला तिसरी नोंद झाली. मुकटी, फागणे ही गावे गेली आणि धुळे आले तेव्हा वहीत अकरा नोंदी होत्या. त्या एकाखाली एक वाचल्यावर माझ्यासारख्या यंत्रविद्येतल्या निरक्षराच्याही ध्यानात आले, की 'कधी कधी' असे काही नव्हतेच. गाडी भरलेली, चढ लागलेला, वेग साठाच्या आसपास. हे तीन एकत्र आले की थरथर नेमकी येत होती. गॅरेजात गाडी न्यायची म्हणून दर वेळी माल उतरवलेला असे. रिकाम्या गाडीने आपले दुखणे कोणत्याच मिस्तरीला दाखवले नव्हते!

चाचांनी वही वाचून घेतली आणि बोटे मोडीत हिशेब केला. हादरा स्टिअरिंगला नाही, म्हणजे पुढची चाके नव्हेत. गिअर बदलून इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर तीच, म्हणजे इंजिन नव्हे. राहिला तरंगांचा दाटपणा. या गाडीच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी साठच्या वेगाला ते सेकंदाला सातआठ फेरे घेते. चाकात दोष असता तर गाडी तितक्याच संथ ठेक्याने डुलली असती. पण इंजिनाची ताकद मागच्या धुऱ्याकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, चाकाच्या चौपट-पाचपट वेगाने फिरतो. सेकंदाला तीसहून अधिक फेरे. ही गुणगुण त्याची होती.

"आते दखू," म्हणून चाचा माल न उतरवताच गाडीखाली शिरले. अशा गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्यावर तो एका बेअरिंगमधून जातो. त्या सेंटर बेअरिंगभोवती रबराचे जाड कडे असते. चाचांनी शाफ्ट हाताने वर-खाली केला आणि आतूनच ओरडले, "सापडनं! आठेच शे." रबर खालच्या बाजूने फाटले होते. गाडी रिकामी असताना उरलेले रबर शाफ्टला कसेबसे धरून ठेवी. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, शाफ्टचा कोन बदलतो. त्यात चढाला इंजिनाची ओढ वाढली की मधला भाग जागा सोडून नाचू लागे. आणखी काही महिने गेले असते आणि शाफ्ट निखळून खाली पडला असता तर? आप्पांनी हा प्रश्न विचारला. चाचांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

शाफ्ट सोडण्यापूर्वी चाचांनी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एक-एक रेघ ओढली. मी कारण विचारले. शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात, कोनातून फिरण्यासाठी. इटलीच्या कार्दानोचे आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचे नाव सांगणारा हा चारशे वर्षांचा जुना सांधा. पण त्याला एक खोड आहे. कोनातून फिरताना तो दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसरा क्रॉस योग्य जागी बसवला की तो पहिल्याची चूक भरून काढतो. चुकीच्या दात्यावर बसवला तर चुका दुणावतात. म्हणून खूण आधी, पाना नंतर.

बेअरिंग दुकानातून येईपर्यंत मी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये हे मंडळ उभे राहिले. गावोगाव पायपीट करून, वाण्याच्या रद्दीतूनसुद्धा कागद मिळवणारा तो माणूस. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

परत आलो तेव्हा काम झाले होते. बेअरिंग आणि मजुरी मिळून खर्च अडीच हजारांच्या आत. चाचा म्हणाले, केळी उतरवू नका, आधी लळिंगचा घाट चढून या. धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, फारुकी काळातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी हा घाट आहे. मुलाने गाडी काढली. पन्नास, छप्पन्न, साठ. मी बाटलीकडे पाहत होतो, आप्पा रस्त्याकडे. चढ लागला, इंजिनाने ओढ घेतली. पाणी चढाबरोबर एका बाजूला कलले आणि तसेच राहिले. एक तरंग उठला नाही.

घाटमाथ्यावर गाडी कडेला लावून आप्पांनी दलालाला फोन केला आणि गाडी द्यायची नाही असे सांगितले. पलीकडून भाव वाढवल्याचे ऐकू आले. आप्पांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि मुलाला म्हणाले, "चल, केळी उतरवू. दिवाळीत भाडं पुष्कळ राहतं."