निर्यातीला एक, घरच्याला एक?

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. नजरेला फरक कळत नाही, पण दुसऱ्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या मृत्यूंमागचा औषधखरेदी आणि देखरेखीतला सडका कारभार उघड केला. औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या आम्हा लोकांना हे प्रकरण कधीच जुने वाटत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार सिरपबाबत इशारा दिला. नमुन्यांत तेच विष सापडले होते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात तेव्हा सुमारे ७० मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली होती. त्या देशाकडे औषध तपासणारी स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती. नमुने परदेशी पाठवावे लागले. मानक पुस्तकात लिहिलेले असून भागत नाही, ते तपासणारे यंत्र आणि माणूस रुग्णाच्या देशात असावा लागतो.

हवामानाचेही तसेच. आमच्या कसालला, महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो त्या भागात, आषाढातला ओलावा कपाटात शिरतो. ॲस्पिरिनच्या उघड्या डबीला आंबूस वास येऊ लागतो, कारण दमटपणाने गोळीचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटते. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत टिकलेली गोळी आपल्याकडे किंवा गिनीच्या आखातालगत तेवढीच टिकेल, असे धरून चालत नाही. म्हणून उष्ण-अतिदमट प्रदेशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची टिकाऊपणा चाचणी ठरली. या अटीने पाकिटाचा खर्च वाढतो, पण औषध शेवटच्या तारखेपर्यंत औषध राहते.

एकट्या छोट्या देशाला हे सारे झेपत नाही. झांबिया, झिंबाब्वे, बोत्सवाना आणि नामिबिया यांनी २०१३ मध्ये ‘झाझिबोना’ नावाने औषधांचे अर्ज एकत्र तपासायला सुरुवात केली. पुढे आणखी देश आले. एका देशाच्या तज्ज्ञाने केलेले परीक्षण दुसऱ्यालाही उपयोगी पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आफ्रिकी औषध संस्थेचा करार अमलात आला. तिचे मुख्यालय रवांडातल्या किगालीत आहे. आफ्रिकेला स्वस्त जेनेरिक औषधे पुरवणाऱ्या आपल्या देशाने या कामात विक्रेता म्हणून नव्हे, भागीदार म्हणून उतरायला हवे. प्रत्येक बॅचचे तपासणी अहवाल औषध घेणाऱ्या देशाला खुले करावेत. तिथल्या विश्लेषकांना आपल्या प्रयोगशाळांत शिकवावे.

आणि घरातही तेच करावे. १ जून २०२३ पासून खोकल्याचे सिरप निर्यात करण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणे भारताने सक्तीचे केले. देशातल्या विक्रीला ती अट नव्हती. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सिरप प्यायलेली मुले दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. विष पुन्हा तेच.

गांबियाच्या मुलाला लावलेली चाचणी छिंदवाड्याच्या मुलालाही लावली पाहिजे. बंदरावर थांबणाऱ्या दर्जाला मी दर्जा मानत नाही.