रंगमहालाच्या सुतारबाबांना

सुतारबाबा, रंगमहाल म्हटला की अहिल्याबाईंचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. महेश्वरात बसून त्या माउलीनं काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, देवळं बांधवली, आणि आग्रा रस्त्यावरच्या, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीतल्या आपल्या चांदवडलाही भरभरून दिलं. रेणुकामातेचं देऊळ सावरलं, गावात हा रंगमहालाचा वाडा उभा केला. पण त्या वाड्याचे खांब तुमच्या हातचे. पटाशीचा पहिला घाव तुम्ही घातलात. तुमचं नाव मात्र कुणी घेत नाही. म्हणून आज हे तुम्हालाच लिहितो आहे.

मी त्या खांबांपाशी उभा राहतो तेव्हा माझा हात आपोआप वर जातो. लाकडाला भेगा पडल्या आहेत, कोरीव पाकळ्यांच्या कडा झिजल्या आहेत, भिंतींवरची चित्रं इतकी फिकट झाली आहेत की डोळे सरावल्याशिवाय रेघ हाती लागत नाही. तरीही सगळं बोलतं. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई आणि तुळईवर माळ्याचा सगळा भार. जिथून भार वाहत येतो, तिथेच तुम्ही लाकडाला फुलवलंत. शोभा म्हणून वेगळं काही आणून चिकटवलं नाहीत. तो खांब काढला तर नक्षी जाईल आणि छतही खाली येईल. आपल्या वाड्यांच्या लाकूडकामातली केळफुलं, कमळं, महिरपी मला म्हणूनच इतकी प्रिय आहेत. ती नुसती शोभेची नाहीत, कामाला लागलेली आहेत.

आणि तुम्ही एकटे नव्हतात. पाथरवट तळखडे घडवत होता. घाणीत चुना मळला जात होता, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी पडत होतं. गिलावा करणारा भिंत घोटून घोटून आरशासारखी करत होता, कारण त्याच्यामागून चितारी यायचा होता. एकाचं काम दुसऱ्याच्या कामात मुरत होतं. इमारत पूर्ण झाली आणि मग कलावंताला बोलावलं, असं झालंच नाही. कलावंत पायाभरणीपासून अंगणात होता.

शिवाय हा वाडा नुसता सरदारी थाटाचा राहिला नाही. नवरात्रात देवीचे दागिने पालखीतून इथून मंदिराकडे निघतात, तेव्हा त्या भव्य दरवाजातून सगळं गाव आत-बाहेर करतं. आपल्या माणसांच्या हातांनी घडलेल्या दरवाजातून आपली देवी जाते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. सार्वजनिक वास्तू याहून वेगळी काय असते?

मग १८१८ साल आलं. मराठ्यांचं राज्य गेलं, चांदवडचा किल्ला इंग्रजांनी घेतला. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खातं सुरू झालं. नकाशा दूरच्या टेबलावर निघू लागला आणि तुमची लेकरं त्या नकाशाप्रमाणे दारं-खिडक्यांच्या चौकटी ठोकू लागली. सागाच्या रानांवर सरकारी पहारा बसला, पाठोपाठ लोखंडी गर्डर आला, नंतर सिमेंट आलं. सिमेंटला मी दोष देत नाही. त्यानं गळकी छपरं थांबवली, गरिबाला पक्कं घर दिलं. दुखतं ते दुसरंच. राज्य आपलं झाल्यावरही आपण तोच नकाशा पुढे चालवला. चांदवडपासून चांद्यापर्यंत तहसील कचेरीचा, पंचायत समितीचा, एसटी स्थानकाचा चेहरा सारखाच. कुठल्या मातीवर ही इमारत उभी आहे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. तुमचा वंशज त्याच कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभा राहतो, आणि त्या इमारतीत त्याच्या हाताला ओळखीचं काही लागत नाही.

हल्ली कुंपणाच्या भिंतींवर वारली चित्रं दिसतात. तारप्याभोवती फेर धरलेली तीच माणसं, तेच झाड, तोच बैल, गावोगाव. लोकांना ती आवडतात, मुलं थांबून पाहतात, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण माझ्या मनात मूळ लग्नचौक येतो. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं तो चौक लिहितात. आत पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. चित्र तिथे घराच्या विधीचा भाग आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेघ कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडे बोहाड्याचे मुखवटे रात्र रात्र नाचतात. चौक लिहिणाऱ्या आणि मुखवटे घडवणाऱ्या हातांना एखादी सभागृहाची भिंत, एखादं प्रवेशद्वार आपण कधी मोकळ्या मनानं दिलं का? ठेकेदाराचं शेवटचं बिल निघाल्यावर उरलेल्या कुंपणावर त्यांच्या रेघांची नक्कल करून घेतली, इतकंच.

दूर आफ्रिकेतही हेच दुःख होतं, आणि तिथल्या काही माणसांनी त्यावर वाट काढली. जोहान्सबर्गला जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात १९०८ साली गांधीजींना कोंडलं होतं. त्याच जागेवर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचं घटना न्यायालय उभं राहिलं. पाडलेल्या कोठड्यांच्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत बसवल्या, लाकडी दरवाजावर राज्यघटनेतले २७ हक्क कोरले, आणि झाडाखाली बसून न्याय करण्याची तिथली जुनी रीत डोळ्यांपुढे ठेवून दालनाबाहेरच्या जागेला झाडीचं रूप दिलं. बुर्किना फासोतल्या तिएबेले गावात बायका आजही मातीच्या भिंती रंगवतात. त्याच देशातल्या गांडो गावचा मुलगा फ्रान्सिस केरे यानं गावकऱ्यांच्या हातांनी मातीच्या विटांची शाळा बांधली, आणि २०२२ मध्ये वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक त्याच्या हाती आलं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. भोपाळचं विधान भवन चार्ल्स कोरियांनी रचलं, आणि त्याच्या भिंतींवर पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांनी गोंड चित्रं काढली. रानातल्या देवांना राज्याच्या सभागृहात जागा मिळाली. जनगढसिंह २००१ साली परमुलखात, जपानमध्ये वारले. चाळिशीही धड उलटली नव्हती. त्यांच्यासाठी, म्हसेबाबांसाठी, तुमच्यासाठी, सुतारबाबा, एकाच वेळी गळा दाटून येतो.

तुमची पटाशी आता परत येणार नाही. रंगमहालाची डागडुजी होईल, व्हायलाच हवी, कुजलेल्या तुळईच्या जागी नवी तुळई बसेल. पण जुनं जपणं हे अर्धंच काम. नव्या इमारतीत तुमच्या वारसांना शिरकाव नसेल तर रंगमहाल हा कौतुकानं दाखवायचा अवशेष होऊन बसेल, आणि मला ते सोसवत नाही.

चांदवडकरांनो, पुढच्या वेळी तालुक्यात शाळा, वाचनालय, सभागृह, जे काही मंजूर होईल, त्याचं अंदाजपत्रक मागून घ्या आणि वाचा. फरशी, रंग, ग्रील यांच्यासोबत सुताराची, पाथरवटाची, चितारणीची मजुरी त्यात पहिल्याच पानावर धरायला लावा. पाया खणण्याआधी त्यांना नकाशासमोर बसवा. आणि काम झालं की त्यांची नावं दर्शनी दगडावर कोरा, मंत्र्यांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत.