नऊ-चाळीसची नारायणगाव

आमच्या घरात नुसतं 'स्टँड' म्हटलं की ते शिवाजीनगरचं. बाकीच्यांना नावं होती, स्वारगेट, स्टेशन वगैरे. आम्ही गावठाणात राहायचो, त्यामुळे स्टँड म्हणजे जवळजवळ आमचं अंगणच. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटच्या दिवशी ते वाकडेवाडीला हलवलं. २०२३ च्या ऑगस्टपासून शिवाजीनगरला जमिनीखालून मेट्रो धावते. स्वच्छ, थंडगार, एकदम झकास. तक्रार काहीच नाही. फक्त डिझेलचा वास येत नाही, एवढंच!

नाशिक, नगर, औरंगाबाद (तेव्हाची नावं) आणि पार विदर्भाकडच्या गाड्या इथून सुटायच्या. सातारा-कोल्हापूरला जायचं तर स्वारगेट गाठायचं. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी पोरगंसुद्धा आत टाकायचे. रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा कुणी लिहिला माहीत नाही, पण तो बऱ्यापैकी पाळला जायचा. कंडक्टर दांडीवर तिकिटाचा पंच टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचा. लाउडस्पीकरवरच्या बाईंचं बोलणं कुणालाच कळायचं नाही आणि तरी सगळे बरोबर गाडीत बसायचे.

मी तिथे रोज जायचो, ते डबा आणायला. साल १९८६. मी चौथीत, शाळा दुपारची. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तंत्रनिकेतनात शिकायला आला होता आणि तिघा मुलांबरोबर खोली करून राहायचा. काकू मंचरजवळच्या गावाहून रोज त्याचा डबा एसटीने पाठवायची. पहाटे उठून भाकरी थापायची, काका सायकलवरून फाट्यावर येऊन डबा ड्रायव्हरच्या हवाली करायचे. असे डबे तेव्हा कितीतरी मुलांचे यायचे. ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर त्यांची रांग लागलेली असायची. आमचा ॲल्युमिनियमचा, काकांचं नाव ठोकलेला, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेला. संध्याकाळच्या गाडीने तो रिकामा परत जायचा. या सगळ्याचे ड्रायव्हरकाका एक पैसा घेत नसत.

आई वैतागायची. "दोन भाकऱ्या इथे जास्त झाल्या तर काय होतंय?" पण काकू ऐकायची नाही. आमच्या दोन खोल्या, वडिलांचा पगार, सगळं तिला ठाऊक होतं. दीर-जावेवर पोराचं ओझं नको, असं तिचं. शेवटी तोडगा निघाला तो असा की डबा मी आणायचा, दादाने मधल्या सुट्टीत आमच्याकडे येऊन खायचा, आणि आईने फक्त आमटी वाढायची. आमटीवर काकूची हरकत नव्हती.

फेब्रुवारीतला एक दिवस. नऊ-चाळीसची गाडी वेळेवर आली, डबा आला, मी घरी आणला. दादा जेवायला बसला, झाकण काढलं आणि तसाच बघत राहिला. मला काहीच वेगळं दिसेना. भाकरीच की! जरा जाड, कडेला चिरलेली. दादा आईला म्हणाला, "काकी, या आईच्या हातच्या नाहीत." आई म्हणाली, "अरे, धाकटीने केल्या असतील." तो म्हणाला, "धाकटीला भाकरी येत नाही. कुणीतरी शेजारची आहे." त्याने घास मोडला नाही. झाकण लावलं, फडकं बांधलं आणि भरलेला डबा घेऊन स्टँडकडे गेला. मी मागून पळत. त्याने खोलीवर जाऊन कपडेसुद्धा घेतले नाहीत. मिळेल त्या नाशिक गाडीला लोंबकळून गेला.

काकूला विषमज्वर झाला होता. चार दिवस मंचरच्या दवाखान्यात होती. दादाची परीक्षा तोंडावर होती म्हणून त्याला कळू द्यायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं, आणि डबा चुकला तर त्याला संशय येईल म्हणून शेजारणीला भाकऱ्या करायला लावल्या होत्या. फोन कुणाकडे होता तेव्हा! पत्राला दोन-तीन दिवस लागायचे. गावाकडची खरी बातमी त्या डब्यातच असायची. भाजीत तेल कमी झालं की दादा म्हणायचा, "कांद्याला भाव नाही आला वाटतं." मला ती गंमत वाटायची.

दादाने परीक्षा दिली, एक विषय राहिला, तो ऑक्टोबरात काढला. त्यावरून काकूने त्याला पुष्कळ दिवस ऐकवलं. म्हणजे ती ठणठणीत बरी झाली होती.

महिन्याभराने तिच्या हातचा पहिला डबा आला तेव्हा मी फलाटावरच फडकं सोडून बघितलं. भाकऱ्या लहान होत्या, नेहमीच्या निम्म्या, पण पातळ. आणि दोनच्या जागी चार होत्या. दुपारी दादाने एक माझ्या ताटात टाकली.