दांड्यावरचा आकडा

"सर, साइजला भारी आणि कटिंगला हलकं, असंच ना?" जिममध्ये नाव घातलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात हे विचारतोच. प्रस्तुत लेखक कोल्हापुरात पोरांना, आणि अलीकडे पोरांच्या आयांनाही, वजनं उचलायला शिकवतो. त्याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: भारी उचल, बाकीचं मागाहून बघू. कटिंगचा प्रश्न तर एका वाक्यात मिटायचा. चरबी ताटावर कमी होते, डंबेलवर नाही.

मग लेखकाचा उजवा खांदा बिघडला. काही तुटलंबिटलं नाही. साठीकडे झुकलेल्या खांद्याचं जे होतं ते झालं. डोक्यावर जड दांडा ढकलायला डॉक्टरांनी मनाई केली, बेंचवरही जपून म्हणाले. उरले हलके डंबेल आणि लांबलचक सेट. ज्याला तो जन्मभर 'वॉर्मअप' म्हणत आला, तेच आता त्याचं मुख्य काम होऊन बसलं.

खांद्यापेक्षा त्याला दुसरंच झोंबलं. सरांच्या हातात साडेसात किलोचा डंबेल पोरांना दिसणार! म्हणून तो पहाटे, शटर अर्धं खाली ओढून, एकटाच व्यायाम करू लागला. हा माणूस पूर्वी काय करायचा तेही सांगायला हवं. 'सेट संपल्यावर प्लेटा जागेवर ठेवाव्यात' ही पाटी भिंतीवर त्यानंच लावली आहे. स्वतःच्या प्लेटा मात्र तो जरा वेळ दांड्यावर तशाच राहू द्यायचा. पाणी प्यायचा, टॉवेल शोधायचा, उगाच कुणाशी तरी बोलायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं आकडा बघावा, एवढाच हेतू.

शास्त्राकडे पाहिलं तर हलक्या डंबेलची लाज वाटायचं कारण नाही. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायांत पुन्हा जोर आणताना १९४५ साली जे मांडलं, त्यावर वस्तादांच्या दोन-तीन पिढ्या जगल्या: जड वजन थोड्या वेळा उचललं तर ताकद, हलकं पुष्कळ वेळा उचललं तर दम, आणि एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली एक प्रयोग झाला. तरुणांनी मांडीचा व्यायाम केला. काही पायांना एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० टक्के भार दिला, काहींना ३० टक्के. अट एकच, पाय पुढे हलेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. दहा आठवड्यांनी तीन-तीन सेट करणाऱ्या दोन्ही गटांतल्या मांड्या सारख्याच भरल्या होत्या. 'ही तर नवशिकी पोरं' असा आक्षेप आला, म्हणून २०१६ साली तिथंच सरावातल्या ४९ जणांवर बारा आठवडे तसाच प्रयोग केला. स्नायूंच्या वाढीचं उत्तर तेच आलं.

कारणही समजण्यासारखं आहे. स्नायूतल्या छोट्या तुकड्या आधी कामाला लागतात, मोठ्या आणि ताकदवान तुकड्या गरज पडल्यावरच. गावात गाडा चिखलात रुतला की आधी पोरंसोरं धावतात. थोरले पारावरून उठतात ते पोरांच्यानं होत नाही असं दिसल्यावर. जड वजनाला थोरले पहिल्या रेपपासून, म्हणजे पहिल्याच उचलीपासून उठतात, हलक्याला अगदी शेवटी. म्हणजे हलक्या सेटमधले पहिले पंधरा रेप हे नुसतं शेवटच्या पाचांपर्यंत पोचायचं भाडं.

आणि इथंच घोडं पेंड खातं. तो शेवट आला हे ओळखायचं कसं?

जड दांडा फसवू देत नाही. पाचवा रेप अर्ध्यात अडकला की अडकला. दांडा सावरायला मागं उभ्या असलेल्या स्पॉटरलाही कळतं, समोरच्या बेंचवरच्यालाही कळतं. हलक्या डंबेलची तऱ्हा वेगळी. चौदाव्या-पंधराव्या रेपला खांद्यात आग पेटते. ही आग स्नायू संपल्याची खूण नव्हे, पण माणूस तिथंच डंबेल खाली ठेवतो आणि मनापासून सांगतो की 'संपलं'. आग सोसली तर अठराव्याला मोजणी घाईची होते, श्वास तुटतो, पाठ मागे रेलायला बघते. विसाव्यानंतर डंबेलचा वर जायचा वेग पडतो, कोपर पुढे सरकतं, मनगट मागे मुडपतं. खरा शेवट तिथून दोन-तीन रेपवर असतो. तिथवर स्वतःहून जाणारी माणसं फार थोडी. सेट जितका लांब, तितका 'अजून किती निघतील' हा अंदाज ढळतो.

बघणाऱ्याची गोची त्याहून मोठी. चेहरा बघून काही कळत नाही. कुणी आठव्या रेपला कण्हायला लागतो, कुणी दांडा छातीवर बसेपर्यंत देवळातल्या मूर्तीसारखा शांत. लेखक आता चेहरा बघायचाच सोडून दांड्याचं टोक बघतो, ते वर जाताना कुठं मंदावतं ते. त्यातही फसगत होते. मुळातच सावकाश उचलणारे असतात, आणि सर बघताहेत म्हणून शेवटचा रेप मुद्दाम झपकन मारणारेही असतात. "अजून किती निघतील?" विचारलं तर प्रत्येक जण "दोन" म्हणतो. "बरं, मार की मग," म्हटलं की पाच-सहा निघतात. स्वतःच्या बाबतीत तरी लेखकाला हे कळत असेल? पहाटे त्या अर्ध्या शटरमागं तोही आगीपाशीच थांबत होता, असा त्याला दाट संशय आहे. बघायला कुणीच नव्हतं, मग सांगणार कोण?

हल्लीचे रीलवाले या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्यात दोन पंथ. एकाचं म्हणणं, हलकं वजन भित्र्यांसाठी. दुसऱ्याचं, जड उचललं की सांधे गेलेच. दोघंही कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. एसी जिममधले काही ट्रेनर तर समोरचा माणूस सेट मारत असताना मोबाइलच बघतात. आकडा मोजतात तोही चुकीचा. तालमीत निदान वस्तादाची नजर पोरावर असायची. जोर-बैठका म्हणजे तसं हलकंच काम, वजन स्वतःच्या अंगाचं आणि संख्या शेकड्यात. पण जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका आणि दगडी नाल हेही त्याच आखाड्यात होतं. भारी की हलकं असा वाद घालत कुणी बसलं नाही, दोन्ही चालायचं. आता तालमीतली पोरंही संध्याकाळी जिममध्ये येऊन आरशासमोर बायसेप मारतात. मारू देत. पण बैठका सोडून मारतात, हे काही पटत नाही.

दोन ठिकाणी मात्र हलक्याचं काही चालत नाही. पहिलं, एकदाच पण जास्तीत जास्त उचलायचं असेल तिथं. मॅकमास्टरच्या २०१२ च्या प्रयोगातही ती ताकद जड गटाचीच जास्त वाढली. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचला ११३, क्लीन अँड जर्कला १३५, एकूण २४८. पुढे १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. तशाच हातानं तो पुन्हा दांड्यापाशी गेला, पण वजन निघालं नाही. मलेशियाच्या खेळाडूनं २४९ किलोवर सुवर्ण नेलं. एका किलोचा फरक! या खेळात हलक्या डंबेलचे तीस रेप जेमतेम पूरक, दांडा जड करण्याला पर्याय नाही. कोपरं, खांदे जातात तेही याच कामात.

दुसरं ठिकाण हाडांचं. लेखकाकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट आणि एक-एक किलोचे गुलाबी डंबेल घेऊनच त्या पहिल्यांदा आल्या. "जड उचलायचं नाही असं सांगितलंय," म्हणाल्या. "घरात सिलिंडर कोण हलवतं, बाई?" "मीच की!" भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि लोखंडी टाकीचं तितकंच वजन वर, सगळं मिळून तीस किलोच्या घरात. तो कमरेतून वाकडं होऊन सरकवायचा, आणि व्यायामाला मात्र एक किलो!

ऑस्ट्रेलियात हाडांची घनता घटलेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या १०१ स्त्रियांवर आठ महिने प्रयोग झाला. निष्कर्ष २०१८ साली छापून आले. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त भार, पाच सेट पाच रेप, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम. जड उचलणाऱ्यांच्या मणक्याची घनता सुमारे तीन टक्के वाढली, हलक्या गटाची घटली. हाडाला रेपची संख्या फारशी कळत नाही, त्याला भार कळतो. बाई डॉक्टरांना विचारून, महिनोन्‌महिने नुसत्या दांड्यावर पवित्रा घोटून, आता डेडलिफ्ट करतात. त्यांच्या प्लेटांकडे पोरं चोरून बघतात. बाईंनाही ते कळतं, आणि आवडतंही. लेखकाला तेव्हा स्वतःची सवय आठवते नि तो दुसरीकडे बघतो.

त्याचा स्वतःचा हिशेब असा लागला आहे: पाय आणि पाठ जड, खांदे हलके. शटरही हल्ली पूर्ण वर असतं. सरांचा डंबेल बघून एक पोरगा हसला, तेव्हा त्याच्या हातात तोच डंबेल देऊन तीस रेप मागितले. पोरगा बाविसाला थांबला. त्याचा खरा शेवट तो होता की नाही, हे लेखकाला याही वेळी सांगता आलं नाही.

वाचकांकडे एक मागणं आहे. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, फार तर सव्वा किलोची असते. अडीचची जोडी चढवली की दांडा एकदम पाच किलोनं वाढतो. बायकांचा दांडा १५ किलोचा. त्यावर पाच म्हणजे तिसरा हिस्सा एका दमात, तोही डोक्यावर ढकलायचा. मग माणूस एक तर अडकतो किंवा महिनोन्‌महिने हलक्यावरच राहतो. स्पर्धेच्या संचात अर्ध्या आणि एक किलोच्या चकत्या असतात. आपल्या जिमच्या मालकाकडे त्यांची एकेक जोडी मागा. महाग नसतात.