15 ऑक्टोबरचा शब्द

लघुसिंचन योजनांचे अहवाल वाचताना मला एक आकडा नेहमी सर्वांत वर दिसत आला आहे, तो म्हणजे ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’. बांध झाला, सांडवा झाला, चारी खणली, की ठरलेले हेक्टर कागदावर ओलिताखाली येतात. हा आकडा खोटा नसतो, पण त्यातून बांधकाम किती झाले एवढेच कळते. पाणी कुणाच्या शेतात, कधी आणि किती वेळा पोचले, हे त्यात नसते. 2011-12च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचनाखालील पिकांचे प्रमाण दशकभरात 17.8 टक्क्यांवरून जेमतेम 17.9 टक्क्यांवर गेल्याचे दिसले आणि मोठ्या धरणांच्या खर्चावरून वादळ उठले. लहान योजना मात्र त्यानंतरही त्याच मापाने मोजल्या गेल्या. डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानात किती कामे झाली आणि किती साठा तयार झाला, याचीच गणती पुढे राहिली. 2020 मध्ये कॅगने म्हटले, की सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यावर या अभियानाचा फारसा परिणाम झालेला नाही.

माझ्या मते लहान योजनेचे खरे माप आपल्याच कारभारात आयते पडून आहे. पावसाळा सरला की 15 ऑक्टोबरचा साठा पाहिला जातो. त्यातून पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन वजा केले जाते आणि रब्बीला, उन्हाळ्याला पाण्याच्या किती पाळ्या द्यायच्या हे ठरते. शेतकरी त्या भरवशावर गहू किंवा हरभरा पेरतो. म्हणजे त्या दिवशी योजना शब्द देते. मूल्यमापनाने तो शब्द पाळला गेला का, एवढेच आधी पाहावे. ठरलेल्या पाळ्या झाल्या का, दोन पाळ्यांतले अंतर पिकाला सोसवले का आणि टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकावरच्या, शेतापर्यंत पाणी गेले का? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचेच पाहा. नदीची धार चालू असतानाच बर्गे, म्हणजे बंधाऱ्याची दारे, बसले, तर पाणी अडते. बर्गे गंजलेले, गळके किंवा चोरीला गेलेले असले, तर तोच बंधारा डिसेंबरात कोरडा पडतो. क्षमतेच्या तक्त्यात दोन्ही बंधारे सारखेच दिसतात. दिलेल्या शब्दाशी ताडून पाहिले, तर त्यांतला फरक पहिल्याच वर्षी उघड होतो.

यावर पहिला आक्षेप पावसाचा. पाऊसच पडला नाही, तर योजनेला दोष का द्यायचा? म्हणूनच तर हिशेब जूनपासून मांडायचा नाही. 15 ऑक्टोबरला पाऊस होऊन गेलेला असतो, साठा डोळ्यांसमोर असतो. कमी साठ्यावर कमी क्षेत्राचा शब्द देऊन तो पाळणारी योजना, भरल्या तलावावर टेल कोरडे ठेवणाऱ्या योजनेपेक्षा चांगलीच ठरली पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा. शंभर-दीडशे हेक्टरांच्या तलावावर मोजयंत्रे आणि माणसे कोण ठेवणार? मोजणीला दर वेळी यंत्र लागतेच असे नाही. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत शेकडो वर्षे यंत्राविना हिशेब चालला. लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत, एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी केले जात. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला असल्याने कुणाचे शेत राहिले हे लपत नसे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लहान तलावाचे पुष्कळ पाणी चारीतून जातच नाही. ते जमिनीत मुरते आणि विहिरींतून वर येते, मग टेलची चारी कोरडी दिसली म्हणून योजना नापास कशी ठरवायची? हे खरेच आहे, आणि म्हणून विहिरीही हिशेबात धरल्या पाहिजेत. दिंडोरी तालुक्यातला वाघाड प्रकल्प लघु नव्हे, मध्यम आहे. पण तिथल्या पाणीवापर संस्थांनी कालव्याचे आणि विहिरीचे पाणी एकत्र धरून नियोजन करता येते, हे दाखवले. हिवरे बाजार हे गाव तर पावसाच्या नोंदीवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. विहिरींचा मुद्दा मान्य केला, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मुरलेले पाणी ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याच्याच वाट्याला येते. तेव्हा पाझराचा लाभ मोजताना तो किती घरांना मिळाला, हेही लिहावे लागेल.

2005च्या कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची वाट मोकळी केली. कारभार त्यांच्याकडे द्यायचा, तर हिशेबही त्यांना वाचता येईल असा हवा. ऑक्टोबरात ठरलेले क्षेत्र आणि पाळ्या एका रकान्यात आणि उन्हाळ्याअखेर प्रत्यक्षात झालेले दुसऱ्या रकान्यात, असा एक कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला तरी पुष्कळ होईल. दुरुस्तीचा पैसा कुठे आधी लागायचा, हे त्या दोन रकान्यांतल्या तफावतीवरून ठरावे. नवा बांध मंजूर करण्यापूर्वीही शेजारच्या जुन्या बांधाचा हाच कागद मागवावा.