विरुंगाच्या डोंगरातली यतीम पिले

रवांडाची राजधानी किगाली सोडून वायव्येला मुसान्झेकडे निघालो, की रस्ता दोन-अडीच तास वळणे घेत डोंगरातून जातो. उतारांवर बटाटा, मका, घेवडा यांची लहान लहान शेते आणि त्यांच्यामागे विरुंगाचे उंच ज्वालामुखी. रवांडा, युगांडा व कांगो यांच्या सीमेवरचे हे डोंगर आणि युगांडातील ब्विंडीच्या आसपासचे जंगल, एवढेच पहाडी गोरिलांचे घर. २०१९ साली जाहीर झालेल्या आकड्यांनुसार जगात ते अवघे १,०६३ होते.

सकाळी सातला किनिगी येथील कचेरीत आठ-आठ जणांचे गट पाडले जातात. परवाना माणशी १,५०० डॉलरचा, आणि भेट फक्त एका तासाची. सर्दी-खोकला असलेल्याला आत सोडत नाहीत. तोंडावर मास्क लावून अंतर राखावे लागते. आपला साधा पडसे-खोकला गोरिलाच्या जिवावर बेतू शकतो. उद्यानाच्या उत्पन्नातील दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी खर्च होतो, त्यामुळे गावकऱ्यांनाही जंगल राखण्यात हित दिसते.

रानरेडे शेतात शिरू नयेत म्हणून बांधलेली दगडी भिंत ओलांडली की बांबूचे रान आणि घोट्यापर्यंतचा चिखल. पुढे वाटाड्याने घशातून खोल, घोगरा हुंकार काढला. गोरिलांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ असा. झाडीतून तसाच हुंकार परत आला.

समोर दीडशे किलोंच्या वरचा नर बसला होता, पाठीवर रुपेरी केस. तो शांतपणे हिरवे दांडे सोलून खात होता आणि दोन पिले त्याच्या पाठीवरून घसरगुंडी खेळत होती. त्याने त्यांना हटकले नाही. पंजे पोकळ करून छाती बडवणारा गोरिला आपण चित्रपटात पाहतो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा इशारा असतो, मारामारी टाळण्यासाठी. कुटुंब कुठे चरेल, कधी विसावेल, हे हाच नर ठरवतो, आणि संकटात पुढेही हाच उभा राहतो. संध्याकाळी प्रत्येक जण पाने-फांद्या वाकवून नवे अंथरूण करतो. लहान पिलू आईच्या कुशीत झोपते.

आणि आई नसली तर? येथील संशोधकांनी पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या. दूध सुटलेली पिले आई गेल्यावरही इतरांइकीच जगतात, असे दिसले. सारे कुटुंब त्यांना जवळ करते, आणि सर्वांत जास्त तो रुपेरी पाठीचा नर. रात्री पोरके पिलू त्याच्या अंथरुणात झोपते.

डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये याच डोंगरात संशोधन केंद्र उभारले. त्यांच्या नोंदीतला टायटस सुमारे चार वर्षांचा असताना शिकाऱ्यांनी त्याच्या कळपप्रमुखाला मारले. पुढे आईही दुसऱ्या कळपात गेली. त्याला उरलेल्या नरांनी वाढवले. तो मोठा होऊन एका मोठ्या कुटुंबाचा प्रमुख झाला आणि २००९ मध्ये मरण पावला.

सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांचा उल्लेख माणसांसारख्याच उम्मती म्हणून येतो. त्या तासाभरात आम्हाला त्याचा अर्थ थोडा अधिक उमगला. आपल्या घरात भाऊ वारला, की नातेवाईक एकत्र बसतात. जमिनीचे काय, घराचे काय, मुलांच्या शाळेची फी कोण भरणार, सगळे ठरते. यतीम लेकरू आज रात्री कोणाजवळ झोपणार, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. विरुंगाच्या डोंगरात तो सर्वांत आधी सुटतो.