उपयोग काय?

पुणेकराला कोणतेही नवे यंत्र दाखवा, किंमत तो नंतर विचारतो, आधी विचारतो, "उपयोग काय?"

व्हिडिओ सिंथेसायझरची नेमकी हीच पंचाईत. याला कॅमेरा लागतोच असे नाही. आतल्या विजेच्या लाटांतूनही चित्र तयार होते. लाट संथ असली तर पडद्यावर आडवे पट्टे, खूप वेगवान केली तर उभे. बटणे पिळावीत तसे रंग बदलतात. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने शुया आबे या जपानी इंजिनिअरच्या मदतीने असे यंत्र बनवले आणि १९७० साली बॉस्टनच्या टीव्हीवर चार तास चालवले. पुण्यात तेव्हा टीव्ही नव्हता हे नशीब! नाहीतर निम्मे शहर गच्चीवर अँटेना फिरवत बसले असते.

आमच्या भाच्याच्या कंपनीने (म्हणजे तो, त्याचा एक मित्र आणि सोल्डरिंगचा वास) आपले असले पहिले यंत्र नुकतेच विक्रीला काढले. दोघांची दोन वर्षांची शिल्लक त्यात गेलेली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. शेजारच्या काकू गाण्याच्या शिकवण्या घेतात. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारले, "यावर बातम्या लागतात का रे?"

"नाही, काकू."

"मग उपयोग काय?"

भाच्याचा चेहरा पडला. मी म्हटले, "काकू, तुमच्या तंबोऱ्यावर तरी कुठे लागतात?"

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग पुढे सरकल्या आणि खुंटी पिळावी तसे एक बटण पिळत म्हणाल्या, "हा निळा जरा चढलाय."

गिऱ्हाईक अजून यायचे आहे. पण वाद्य लागले!